चामड्याच्या ठिगळाआडचा घोडेस्वार

मी थिएटरातला एक जुना पडदा आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या ड्राय फोर्क गावात न्याय कोर्टात होत नाही, माझ्या अंगावर होतो. सूर्यसुद्धा माझ्यातच मावळतो. एरवी माझ्यात कोळी राहतात.

माझी उजवी कड पाहा. तिथे खोगिराच्या चामड्याचं तपकिरी ठिगळ आहे. याच गावाच्या माळावर चित्रित झालेला काउबॉयचा चित्रपट पहिल्यांदा लागला, तेव्हा त्या कडेला दबा धरून खलनायक नायकाच्या पाठीवर नेम धरत होता. गुराखी ऑरिनला राहवलं नाही. त्याने खुर्चीतून उठून खलनायकालाच गोळी घातली. खेळ तिथेच थांबला. भोक बुजवायला खोगीर शिवणारा आला. त्याच्याजवळ होतं ते त्याने लावलं. टाके मात्र सुरेख!

चित्रीकरणात छोटं काम मिळालेला खुद्द ऑरिन चित्रपटाच्या शेवटी घोड्यावर बसून नायकाला निरोप देतो, नेमका त्याच कडेला. पुढे प्रत्येक खेळात त्याचं डोकं ठिगळाआड गेलं. टीव्हीवर तर कडाच कापल्या जातात. त्याची बायको आर्विला जन्मभर म्हणत आली, "घोड्यावरच्याला डोकं नाही, इतपत जुळतंय. पण तेवढ्यावरून तुला कशी ओळखू?"

गेल्या शनिवारी तो चित्रपट पुन्हा लागला. आर्विलाची नजर आता झपाट्याने जाते आहे. बघायचं ते बघून घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं आहे.

"पोरी, ते ठिगळ काढ ना," ऑरिन थिएटरच्या मालकिणीला, नडीनला म्हणाला.

"पडदा उभा फाटेल, काका. गोळी घालताना सुचायला हवं होतं!"

"नायकाचा जीव वाचवला मी!"

"तो तसाही वाचतो," आर्विला म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक होतं."

शेवटचा प्रसंग आला. नडीनने प्रोजेक्टरला खांदा लावून चित्र डावीकडे सरकवलं. नायक निम्मा भिंतीवर गेला. ठिगळाच्या अलीकडे घोडा दिसला, आणि त्यावर डोक्यासकट कोवळा ऑरिन, तोंड वासून थेट कॅमेऱ्यात बघत.

आर्विला पुढे वाकली.

"तूच रे. लग्नातही असाच तोंड वासून उभा होतास."

"मग? थाप होती का?"

"गप बस. दिसतोयस तोवर बघू दे."

मित्रांनो, घरोघरी पडदे झाले, खिशातही झाले. पण माणूस घोड्यासकट सामावून घ्यायला छाती लागते, ती माझी. म्हणून जुन्या पडद्यांना जपा. फार काही नको. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी शिंकताना तेवढा रुमाल धरावा.