करंजगडच्या हाराची गाठ

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागायचं, दोन घाट चढायचे, आणि मोटार दम लागल्यासारखी धापा टाकू लागली की समजायचं, करंजगड संस्थान आलं. नकाशावर माशी बसली तर आख्खं झाकून जाईल एवढंसं राज्य. पण ऐट विचाराल तर विचारू नका. तिथे आगगाडी नव्हती, खाण नव्हती, पिकत होती ती नागली. त्यामुळे इंग्रज साहेबही तिकडे फिरकत नसे आणि श्रीमंत सरकारांना रान मोकळं होतं.

तीन वर्षांपूर्वी सरकारांनी हुकूम काढला की रयतेपैकी कोणी सरहद्दीबाहेर जायचं नाही. बाहेर गेलेली माणसं परत येतात आणि बाहेरच्या गोष्टी सांगतात, हे कारण. पाठोपाठ टपाल बंद झालं, वर्तमानपत्रं बंद झाली, पांढरी टोपी बंद झाली. वर्तमानपत्र फक्त सरकार स्वतः वाचत, आणि तिथेच घोटाळा झाला. छत्तीस साली एका पत्राने छापलं की करंजगड म्हणजे अंधारकोठडी आहे. सरकारांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी ठरवलं की जगाला आपली रयत दाखवायचीच.

झालं, सहल निघाली. पावसाळा सरल्यावर दर सोमवारी पंचवटीतून एक मोटार निघे. त्यात बारा प्रतिष्ठित पाहुणे, तीन रुपये तिकीट, दुपारचं जेवण त्यातच. सकाळी जावं, सुखी रयत पाहावी, अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहाव्या आणि दिवेलागणीच्या आत परत यावं. एका माणसाला एकदाच जाता येई. दुसऱ्यांदा पाहणारा माणूस बारकाईने पाहतो, हे सरकारांना ठाऊक असावं. आणि प्रतिष्ठित कोण, तर तीन रुपये भरेल तो.

म्हणून तर मखमलाबादची मालनबाई त्या मोटारीत बसू शकली. ती फुलमळेवाली. पहाटे उठून हार करायचे आणि पंचवटीत नेऊन विकायचे, हा तिचा जन्माचा धंदा. तिची धाकटी बहीण नवसाबाई करंजगडात दिलेली. दिली तेव्हा बैलगाडीने दिवसाची वाट होती. आता तीन नागपंचम्या झाल्या, नवसा माहेरी आली नव्हती. निरोप नाही, सांगावा नाही. म्हातारी आई कुसाबाई दर पंचमीला सकाळपासून दारात बसे आणि संध्याकाळी उठे. तिकीट काढलं त्या दिवशी ती मालनबाईला म्हणाली, "बोलाया नाय मिळालं तरी चालंल. जित्ती हाय का नाय, तेवढं बघून ये."

या घराची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवतो. हार सगळ्यांनी ओवायचे, दर पाच झेंडूंमागे मरव्याची एक काडी घालायची, पण दोन्ही टोकांची शेवटची गाठ मारायची ती घरातल्या सर्वांत थोरल्या बाईनेच. लेकीसुनांनी टोकांना नुसता पीळ द्यायचा आणि हार तिच्यापुढे ठेवायचा. कुसाबाईची सासू गेली तेव्हा तेराव्या दिवशी कुसाबाईने पहिली गाठ मारली. आता तिची बोटं थरथरत, गाठ सैल पडत असे, गिऱ्हाईक कुरकुरत असे. पण मालनबाईने कधी तिच्या हातातून हार घेतला नाही.

नाक्यावर मोटार थांबली. शौकत ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी काढली, कारण इथे तास मोडतो हे त्याला पाठ होतं. शिपायांनी वर्तमानपत्रं काढून घेतली, दोघांच्या टोप्या काढून घेतल्या. मग चिमाजी आला. हा पाहुण्यांना संस्थान दाखवणारा कारकून. बारीक अंगाचा, डोक्यावर स्वतःहून मोठा फेटा.

"संस्थानात कोणी नातेवाईक?" त्याने एकेकाला विचारलं.

"असले तर काय बिघडलं?" नाशिकचे एक वकीलसाहेब होते, त्यांनी विचारलं.

"नातेवाईक असले की पाहुण्यांना नातेवाईकच दिसतात. संस्थान दिसत नाही. त्यांना इथूनच परत पाठवायचा हुकूम आहे."

"वा! काय दूरदृष्टी!" वकीलसाहेब म्हणाले आणि खिशातली छोटी वही काढून लिहू लागले. नाशिकात हे गृहस्थ दर भाषणात स्वातंत्र्य मागत. इथे मात्र नाक्यावरच गार झाले होते.

चिमाजी मालनबाईपुढे आला. "कोनी नाय," ती म्हणाली.

मग स्वागत झालं. बँड वाजला, बाराही पाहुण्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. मालनबाईने सवयीने हार हातात धरून पाहिला आणि तिचे हात तिथेच थांबले. पाच झेंडू, मरव्याची काडी. पाच झेंडू, मरव्याची काडी. मानेमागे हात नेला तर गाठ नव्हती, नुसता पीळ होता. झेंडू त्याच पहाटेचा होता. म्हणजे त्या पहाटे नवसा जिवंत होती आणि तिच्या हातांना माहेरची रीत आठवत होती. मालनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आनंदाचंच होतं ते.

"लिहा," चिमाजी मागच्या लेखनिकाला म्हणाला. "स्वागताने एक पाहुणीबाई गहिवरल्या."

सहल सुरू झाली. आधी दवाखाना पाहिला. वीस खाटा, वीस पांढऱ्या चादरी, आजारी माणूस औषधाला नाही. "रोगी कुठे आहेत?" कोणीतरी विचारलं. "सरकारांनी गेल्या चैत्रापासून रोगराईला मनाई केली आहे," चिमाजी म्हणाला. मग शाळा झाली. तिथे चाळीस मुलांनी एका सुरात सरकारांची वंशावळ म्हटली. रस्त्याच्या कडेला रयत उभी होती आणि चिमाजीने रुमाल हलवला की हसत होती. रुमाल खिशात गेला की थांबत होती. "शिस्त बघा, शिस्त!" वकीलसाहेब म्हणाले. "आपल्याकडे हसण्यात काही मेळ आहे का?" मालनबाई बायांच्या प्रत्येक ओळीत नवसाचं तोंड शोधत होती. ते कुठे दिसलं नाही.

शेवटी सरकारांची बाग आली. गुलाब, शेवंती, गुलछडी, वाफ्यांमागून वाफे. पाहुणे वाहवा करू लागले. मालनबाईला एका शेवंतीवर सुकलेलं फूल दिसलं. मळ्यात वाढलेल्या बाईला सुकलेलं फूल झाडावर पाहवत नाही. ती वाकली, फूल खुडायला गेली, आणि आख्खं झाड तिच्या हातात आलं. खाली तासलेली काडी, मुळाचा पत्ता नाही. त्याच वेळी वाकल्यामुळे मानेमागचा पीळ सुटला आणि हार घसरून वाफ्यात पडला.

चिमाजी धावत आला. पाहुणे पुढच्या कारंज्याकडे गेले होते, म्हणून बरं.

"बाई, लावा ते परत, लवकर!"

"दादा, पन याला मुळंच नाय."

"मुळं पुढच्या आठवड्यात येणार आहेत," चिमाजी कुजबुजला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मालनबाईला त्याची दया आली. तिने काडी मातीत खोल खोचली, भोवती माती दाबली. मग चिमाजीचं लक्ष हाराकडे गेलं.

"हाच तो! दर सोमवारी एक हार असा बिनगाठीचा निघतो. हारघरात चाळीस बाया आहेत, कोणाचं काम ते एकीने सांगितलं नाही. आज सरकारांनी फर्मावलंय, असा हार सापडला की तसाच पुढे आणा. प्रत्येकीला बसवून ओवायला लावू आणि सापडेल तिला पागेत शेण काढायला धाडू."

मालनबाईने झडप घालून हार उचलला. "गाठ हाये की दादा. माझ्याच हातानं सुटली, केसात अडकली व्हती." असं म्हणत तिने पाठ वळवली आणि चिमाजी पाहायच्या आत दोन्ही टोकं घेतली, तीन वेढे दिले, मरव्याच्या काडीखालून सारून करकचून ओढली. हजारदा पाहिलेली गाठ, पण मारली आयुष्यात पहिल्यांदा.

चिमाजीने गाठ पाहिली, मालनबाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाफ्यातल्या शेवंतीकडे पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही ते झाड पाहिलं नाही, मी हा हार पाहिला नाही."

निघताना वहीत अभिप्राय द्यायचे होते. वकीलसाहेबांनी दीड पान लिहिलं. मालनबाईला अक्षर येत नव्हतं, तेव्हा चिमाजीनेच "रामराज्य पाहिले" असं लिहून तिचा अंगठा घेतला. नाक्यावर हार परत घेतले. हार संस्थानचे, पाहुण्यांनी ते फक्त घालायचे. शौकतने सांगितलं, "सगळे परत हारघरात जातात, आक्का. बाया ते उसवतात, दोरा पुढच्या सोमवारी वापरतात."

मोटार घाट उतरू लागली. मालनबाई खुशीत होती. हार नवसाच्या हातात जाणार, ती गाठ पाहणार, तिला कळणार की माहेरचं माणूस येऊन गेलं. आणि मग दुसऱ्या वळणावर तिच्या ध्यानात आलं. ती गाठ घट्ट होती. म्हातारीची थरथरती सैल गाठ नव्हती. माहेरच्या हारावर दुसऱ्या हाताची गाठ म्हणजे काय, हे नवसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बहिणीला वाचवायला जाऊन मालनबाईने जिवंत आईचं तेरावं घातलं होतं.

"शौकतभाई, गाडी थांबवा! माघारी चला!"

"माघारी?" शौकत म्हणाला. "आक्का, तो नाका आत जायला एकदाच उघडतो."

वाटेत तिने शौकतला सगळं सांगितलं आणि त्याने पुढचे हार पाहून येतो म्हणून कबूल केलं. घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं आणि आईच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. कुसाबाईने तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "जित्ती हाय ना? बस."

पुढच्या सोमवारी शौकत परत आला तो सरळ मखमलाबादला. त्याने सांगितलं, अकरा हार झेंडूचे होते, बारावा पांढऱ्या शेवंतीचा. मरवा नाही, रंगीत पाकळी नाही. या घरात दुखवट्यात महिनाभर रंगीत फूल ओवत नसत. तो हार पाहून चिमाजीची बोबडी वळली होती, पण कारकुनी डोकं ते. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की हा खास सन्मानाचा हार आहे, आणि तो एका पेन्शनर मामलेदारांच्या गळ्यात घातला. वकीलसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी नाशिकच्या पत्रात लेख लिहिला. पांढरा रंग हे संस्थानच्या नव्या शांततेच्या धोरणाचं चिन्ह आहे, असं त्यांनी तीन मुद्द्यांनी सिद्ध केलं. आपल्या वेळी तो हार नव्हता याचं दुःख मात्र त्यांना लपवता आलं नाही. लेख वाचून लोक पांढऱ्या हारासाठी वशिला लावू लागले. आणि तिकडे त्या हारघरात एक लेक जिवंत आईसाठी रडत बसली होती.

कुसाबाईने लुगड्याच्या घडीतून तीन रुपये काढले.

"आई, तुला झेपंल का घाट?" मालनबाईने विचारलं.

"माझी गाठ मीच मारनार," म्हातारी म्हणाली.

त्या सोमवारी काय झालं ते शौकतने सांगितलं. नाक्यावर चिमाजीने विचारलं, "आजी, संस्थानात कोणी नातेवाईक?" म्हातारी म्हणाली, "नाय." तिला ऐकू कमी येत असेल म्हणून त्याने पुन्हा विचारलं, लेक, सून, भाची, कोणी? "नाय रे बाबा. कोनी नाय मला." पांढरा हार कोणाच्या गळ्यात पडायचा यावर दोन पाहुण्यांत तंटा लागला होता. चिमाजीने तंटा मिटवायचा म्हणून तो सर्वांत म्हाताऱ्या पाहुणीला घातला. म्हातारी दिवसभर दवाखाना, शाळा, बाग कशालाही उठली नाही. मोटारीतच बसून राहिली, हार मांडीवर घेऊन. पीळ दिलेली टोकं सोडवली आणि थरथरत्या बोटांनी गाठ मारू लागली. तीन वेळा निसटली, चौथ्यांदा बसली. सैल, वाकडी, तिचीच.

घरी आल्यावर कुसाबाई आठवडाभर धड जेवली नाही. "पोटच्या लेकीला नाय म्हनून आले," एवढंच ती म्हणे.

पुढच्या सोमवारी बाराही हार झेंडूचे होते. त्यातल्या एकात पाच फुलं, मरव्याची काडी. त्याला गाठ नव्हती, नुसता पीळ होता. हे शौकतने दारातूनच ओरडून सांगितलं, तेव्हा मालनबाई हातातली परडी टाकून धावत बाहेर आली. आत कुसाबाईने भाकरी मागितली.

आठवड्याने वकीलसाहेब स्वतः फुलं घ्यायला पंचवटीत आले. आज कधी नाही ती म्हातारीही मालनबाईशेजारी बसली होती. वकीलसाहेबांच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि त्यात करंजगडच्या सहलीची चौकटीतली मोठी जाहिरात होती. त्यांच्या दीड पानातली एक ओळही तीत नव्हती, म्हणून ते जरा नाराज होते.

"कोणा अडाणी म्हातारीचं एक वाक्य छापलंय," ते म्हणाले. "खाली छापलंय, सगळ्या संस्थानात हे वाक्य भिंतीभिंतीवर लिहिणार आहेत, हारघरात सुद्धा. बायांना रोज सकाळी वाचून दाखवणार." आणि त्यांनी चष्मा चढवून वाचलं, "'येथे मला लेकीच्या घरी आल्यासारखे वाटले.' हेच का ते? काय नवीन आहे यात?"

मालनबाईने आईकडे पाहिलं.

"त्यानं इचारलं, आजी काय लिहू," कुसाबाई हार पुढे ओढत म्हणाली. "नाक्यावर खोटं बोलले व्हते. म्हनलं, वहीत तरी खरं लिवावं."

आणि तिने वकीलसाहेबांच्या हाराला गाठ मारून दिली. ती सैल होती, तरी या वेळी गिऱ्हाइकाने कुरकुर केली नाही.