जांभळ्या कोबीचा पियानो

"मिस्टर टिकेल, हा पियानो बेसूर आहे," स्टुडिओचे मॅनेजर गारसाइडसाहेब म्हणाले. "सोमवारी होता, मंगळवारी होता, आणि आज तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत दीड तास सुरात लावत बसलात, तरी आहेच."

अँब्रोज टिकेलने तारांच्या खुंट्या पिळायची चावी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि साहेब नेमके कुठे उभे आहेत ते त्यांच्या बुटांच्या करकरीवरून ताडून तिकडे तोंड केले. तो जन्मापासून आंधळा होता. अंध मुलांच्या शाळेत चौदाव्या वर्षी त्याच्या हातात ही चावी पडली, ती बासष्टाव्या वर्षीही सुटली नव्हती. लंडनमधल्या या स्टुडिओत त्याचे हे एकोणिसावे वर्ष. सकाळी आठला यायचे, पियानो सुरात लावायचा आणि वाजवणारे यायच्या आत निघून जायचे. त्याने लावलेला पियानो शेकडो गाण्यांत वाजला होता, पण त्याच्यासमोर एकाही गाण्यात नाही. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागायच्या आत पियानो लावणाऱ्याने खोलीबाहेर व्हायचे, असा तिथला रिवाजच होता.

बुधवारी साहेबांचे पत्र आले होते. घरात पत्रे वाचून दाखवायचे काम त्याच्या बायकोचे, ऑल्वेनचे. दोन दिवस तक्रारी आल्या आहेत, गुरुवारी पियानो माझ्यासमोर लावावा, तेही न जमल्यास पुढल्या आठवड्यापासून आम्ही दुसरी सोय करू, इथवर तिने वाचले. मग ती जरा थांबली आणि एकदम 'आपला विश्वासू' वर आली.

"काय गाळलंस?" अँब्रोजने विचारले.

"कुठं काय?"

"ऑल्वेन."

"वयोमानाने कान उतरतात, त्यात कमीपणा मानू नये, असं लिहिलंय. मेल्याला कुणी विचारलं होतं?"

डोळे तर नव्हतेच. आता कानही गेले म्हटल्यावर उरले काय? त्याहून वाईट म्हणजे, कान खरेच गेले असतील तर ते आपल्याला कळणार कसे? नोकरी जाण्याची भीती त्याला होतीच, पण हा दुसरा विचार तिच्याहून मोठा होता.

आणि आज साहेब म्हणत होते, बेसूर आहे.

"मला ऐकवा," अँब्रोज म्हणाला.

काचेपलीकडच्या खोलीत टेप चालवणारा नॉरिस बसला होता. त्याने यंत्र सुरू केले. पियानोवर डेन्झिल नावाचा पोरगा बसला. हा टिन ऑर्चर्ड या चौघांच्या बँडचा गाणारा. त्याच्या पायात घुंगरू होते आणि अंगाला उदबत्तीचा वास येत होता. सदुसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात लंडनमधली निम्मी पोरे अशीच वाजत आणि दरवळत हिंडत होती, त्यामुळे अँब्रोजला त्याचे काही वाटले नाही.

गाणे सुरू झाले. आजीच्या मळ्यात एक जांभळा कोबी आहे, त्याला कान लावला की आत समुद्र ऐकू येतो, पाने सोलत गेले की आजी लहान होत जाते, असे काहीतरी त्या गाण्यात होते. स्वतःच्या परसात कोबी लावणाऱ्या अँब्रोजला हे सगळे वेडगळ वाटले. डेन्झिलने टेपबरोबर पियानोवर बोटे टाकली, आणि अँब्रोजच्या दाढा शिवशिवल्या. साहेब खोटे बोलत नव्हते. भयंकर लागत होते.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, हेही खरे. "मला हे बोलायला आवडत नाही, टिकेल. पण ही टेप आज सहाला कंपनीत पोचली नाही तर या पोरांचं गाणं निघत नाही."

अँब्रोजने पिशवीतून एकच ठरलेला सूर देणारा नादकाटा काढला, गुडघ्यावर हाणला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडावर टेकवला. सूर सगळ्या खोलीभर झाला. त्याने पियानोवर त्याच सुराची पट्टी दाबली. दोन्ही सूर असे एकमेकांत गेले की कोण कुठला ते सांगता येऊ नये. त्याच्या छातीवरचे ओझे तिथेच निम्मे झाले.

"पोरा, हाच सूर तुमच्या गाण्यात कुठं लांब धरलाय?"

"सुरुवातीला. ऑर्गनवर."

"नॉरिस, तेवढाच लाव. बाकी काही नको."

ऑर्गन वाजला. अँब्रोजने त्यावर पट्टी दाबली, सोडली, पुन्हा नादकाटा वाजवला, पुन्हा ऑर्गन. ऑर्गन चांगला पाव पायरी खाली होता. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, जिथे कुठल्याही पियानोला सूर नसतो तिथे, हे गाणे जाऊन बसले होते.

"हा काटा पोलादाचा आहे, साहेब," अँब्रोज म्हणाला. "त्याचं वय होत नाही. पियानो जागेवर आहे. गाणं खाली आलंय."

काचेपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नॉरिस दारात येऊन उभा राहिला.

"टेपचा वेग बदलायची पेटी होती ना," तो म्हणाला. "शनिवारी ह्या पोरांनी गाणं जरा सावकाश करून मागितलं. टेप सावकाश फिरली की सूरही उतरतो. मी केलं, आणि दुसऱ्या टेपवर उतरवून घेतलं. नंतर ती पेटी जळाली, आता वेग परत वाढवता येत नाही."

"जळाली?" साहेब म्हणाले.

"उसनी होती. म्हणून बोललो नाही."

"आम्ही ते बटण फिरवत होतो," डेन्झिल म्हणाला, "आणि एका जागी आवाज असा झाला, की मी पाण्याखालून गातोय. तिथंच थांबलो. मग गिटारी टेपच्याच सुराला लावून घेतल्या. त्या जुळल्या, पियानो जुळेना. आम्हाला वाटलं, पियानोच म्हातारा झालाय."

"पियानो नाही, मी झालोय, असं साहेबांना वाटलं," अँब्रोज म्हणाला. "त्यांनी तसं लेखी कळवलंय."

साहेबांचे बूट करकरले. अँब्रोजने कोट चढवला. त्याला आता तिथे कामच नव्हते. इज्जत परत मिळाली होती, घरी जाऊन ऑल्वेनला सांगायची घाई झाली होती.

"थांबा ना," डेन्झिल म्हणाला. "टेप वर येत नाही. मग पियानो खाली येईल का?"

"येईल."

"मग आणाल?"

"नाही."

"का?"

"अठ्ठेचाळीस वर्षं मी पियानो खरे लावतोय, पोरा. खोटा लावून घ्यायचा असेल तर दुसरा माणूस बघ."

"खोटा नकोच आहे," डेन्झिल म्हणाला. घुंगरांचा आवाज थांबला होता. "नादकाट्याला खरा असतोच की तो रोज. आज एक दिवस ह्या गाण्याला खरा लावा. ह्या गाण्याला दुसरं कुणी नाही हो."

अँब्रोज दारापर्यंत गेलेला होता. तो परत आला आणि म्हणाला, "ते गाणं पहिल्यापासून लाव. पियानो न वाजवता."

त्याने उभ्यानेच ऐकले. गाणारा खरोखर पाण्याखालून गात होता. आजी लहान लहान होत शेवटी कोबीच्या आतल्या पानाएवढी उरते, तिथे आवाज नुसता तरंगत राही आणि खाली जागा मोकळी होती. तिथे पियानो हवा होता. काहीतरी हवे आहे हे त्या मोकळ्या जागेतच ऐकू येत होते. गाणे वेडगळ होते, पण त्यात लबाडी नव्हती, हे त्याला कबूल करावे लागले.

"किती वाजले?"

"अकराला दहा कमी."

"चारपर्यंत खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. नॉरिस, तो ऑर्गनचा सूर मी हात वर केला की लावायचा. साहेब, चहा पाठवा. साखर दोन चमचे."

साहेब स्वतः चहा घेऊन आले असे नॉरिस पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

सव्वादोनशेच्या वर तारा. मधल्या एका पट्टीची एक तार त्याने टेपवरच्या ऑर्गनच्या सुराला लावून घेतली. नॉरिसकडून त्याला तेवढेच लागले. बाकीच्या सगळ्या त्याने त्या एकीवरून स्वतःच्या कानाने उतरवल्या. रबराची पाचर घालून शेजारच्या तारा गप्प करायच्या, चावी केसभर मागे घ्यायची, ऐकायचे, पुढे. उतरवण्याचे काम चढवण्यापेक्षा चेंगट असते. ताण कमी झाला की आधी उतरवलेल्या तारा गुपचूप वर सरकतात. दीड वाजता तो शेवटच्या तारेशी पोचला तेव्हा पहिली पुन्हा चढलेली होती. त्याने एक सँडविच खाल्ले, बोटे चोळली आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा केले. आपले कान उतरले आहेत का, हा प्रश्न त्याला त्या दिवसात परत पडला नाही.

चारला डेन्झिलने टेपबरोबर पियानो वाजवून पाहिला. जुळला. बँडमधले बाकीचे तिघे ओरडलेच. डेन्झिल मात्र तोच तुकडा पुन्हा वाजवू लागला.

"काय झालं?" अँब्रोजने विचारले.

"सुरात आहे. पण फार सरळ आहे. मला... कसं सांगू? मला तो जांभळा हवा होता."

साहेबांनी सुस्कारा टाकला. आंधळ्या माणसापुढे काय बोललो हे डेन्झिलच्या लक्षात आले, तो काहीतरी सावरून घेऊ लागला.

"जांभळ्याशी माझी ओळख नाही," अँब्रोज म्हणाला. "हेलकावा किती हवा ते बोल."

"म्हणजे?"

"एका पट्टीला तीन तारा असतात. तिन्ही एक असल्या की सूर सरळ उभा राहतो. एक जराशी सरकवली की तो झुलायला लागतो. आता झुलणं घाईघाईचं हवं, की सावकाश?"

"सावकाश. माझ्या आजीच्या गावाला बंदर आहे. तिथं लाट येते, जाते, आणि परत यायची तिला काही घाई नसते."

अँब्रोजने चावी लावली. "असा?"

"अजून सावकाश."

"असा?"

डेन्झिलने श्वास घेतला. "हा. हाच जांभळा."

"एवढंच होय," अँब्रोज म्हणाला. "मला वाटलं काही अवघड सांगतोस की काय."

त्या शेवटच्या तुकड्यात लागणाऱ्या पट्ट्यांच्या एकेक तारा त्याने तशाच झुलत्या केल्या. पाच वाजायला आले. नॉरिसने दिवा लागतोय म्हणून हाक दिली आणि अँब्रोज सवयीने उठला.

"तुम्ही कुठं निघालात?" डेन्झिल म्हणाला. "तारा परत चढल्या तर? इथंच बसा."

"दिवा लागला की पियानो लावणारा बाहेर, असा..." साहेब सुरू झाले आणि मध्येच थांबले. "बसा, टिकेल."

तो पियानोच्या कडेला स्टुलावर बसला, तळहात लाकडावर ठेवून. पहिल्या वेळी डेन्झिल चुकला. दुसऱ्या वेळी वरची एक तार सरकली, ती अँब्रोजने अर्ध्या मिनिटात जागेवर आणली. तिसऱ्या वेळी गाणे सुरू झाले ते थेट शेवटपर्यंत गेले. आजी पानाएवढी झाली, आवाज तरंगू लागला, आणि त्या मोकळ्या जागेत पियानो आला. त्याचा पियानो. सूर येत होते, झुलत होते, लाकडातून त्याच्या हातात चढत होते. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत झुलत राहिला. अँब्रोजला आनंद झाला. एवढा आनंद त्याला लग्नाच्या दिवशी झाला होता, त्यानंतर आजच.

टेप पावणेसहाला गेली. जाताना चौघांनी त्याचा हात इतका हलवला की खांदा दुखला. मग खोलीत शांतता झाली, आणि त्याला न्यायला आलेली ऑल्वेन दारात येऊन उभी राहिल्याचे त्याला कळले. तिची पावले तो कुठेही ओळखे.

"मिसेस टिकेल," साहेब म्हणाले, "मी यांना एक पत्र पाठवलं होतं. ते फाडून टाकावं अशी माझी विनंती आहे."

"ते माझ्याकडे आहे," ऑल्वेन म्हणाली. "आणि ते मी फाडणार नाही. आमच्याकडे नाताळाला पाहुणे येतात, त्यांना वाचून दाखवीन."

साहेब हसले, पण जरा उशिरा. मग खाकरून म्हणाले, "टिकेल, उद्या नऊला मोठा वाद्यवृंद येतोय. पियानो नेहमीच्या जागी हवा. आत्ता जमेल?"

"रात्री दहापर्यंत करतो."

"तुम्ही सकाळी लावलात तो आणि हा, खरं सांगू, एकटा ऐकला तर मला फरक कळत नाही."

"म्हणून तर मला बोलावता," अँब्रोज म्हणाला.

बूट करकरत गेले. ऑल्वेन स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. आज रात्री हा पियानो इतर सगळ्या पियानोंसारखा होणार होता, आणि त्या गाण्याबरोबर वाजेल असा पियानो मग अख्ख्या लंडनमध्ये कुठेही उरणार नव्हता. अँब्रोजला वाजवता फारसे येत नसे. त्याने चाचपडत शेवटचे तीन सूर शोधले आणि एकदम दाबले. ते झुलत झुलत विरले.

"वाईट वाटतंय?" ऑल्वेनने विचारले.

"वाटतंय थोडं."

"राहू दे मग जरा वेळ."

त्याने आणखी एकदा ते तीन सूर वाजवले आणि पूर्ण विरू दिले. मग मधल्या पट्टीच्या तारांत पाचर सरकवली, चावी खुंटीवर बसवली, आणि पहिली तार चढवायला घेतली.