रास्तकोचं नाक

सर्बियातल्या लेस्कोवात्सहून खेड्याकडे निघालेल्या बसच्या खिडक्या बंद होत्या. बाहेर डांबर वितळत होतं, पण आतल्यांना धास्ती होती प्रोमायाची. समोरासमोरच्या फटींतून आरपार जाणाऱ्या या वाऱ्याने मान आखडते, दात ठणकतात, मूत्रपिंडं बिघडतात आणि ठरलेली लग्नं मोडतात. उकाड्याने कोणी गेल्याचं मात्र गावात अजून कोणी कबूल केलेलं नाही.

पोटाशी बांधलेल्या झोळीत तान्हा रास्तको भुकेने कुरकुरला, तसा दुन्याने पट्टा सैल केला, त्याला छातीच्या उंचीला घेतलं आणि पाजायला सुरुवात केली. घरी येणाऱ्या नर्सने बजावलं होतं, नाक मोकळं हवं, त्याची हनुवटी त्याच्याच छातीला टेकता कामा नये, तोंड सतत दिसलं पाहिजे. दुन्या त्या नाकावर पहारा देत बसली.

शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई देसांकाबाईंनी लोकरीची शाल काढून नातवाच्या तोंडावर टाकली. दुन्याने काढली. त्यांनी पुन्हा टाकली. मागच्या बाईने रुमाल पुढे केला, एका आजोबांनी डोक्यावरची टोपी. दुन्या ज्याचं त्याला परत करत होती. टोपी परत करायला ती वळली, तेवढ्यात शाल पुन्हा पडली आणि दूध ओढण्याचा चुटुचुटु आवाज थांबला.

तिने शाल हिसकली. रास्तकोने नाक फेंदारून श्वास घेतला आणि परत कामाला लागला.

"आई," ती म्हणाली, "पुढचं गाव येईपर्यंत ही तुम्ही तोंडावर घ्या. जमलं तर त्यालाही घालू."

"त्यात काय एवढं? चार पोरं वाढवलीत मी."

देसांकाबाई शालीआड गेल्या. शाल आधी संथ, मग भराभर आत-बाहेर होऊ लागली. आजोबांनी टोपी छातीशी धरली आणि हळूच क्रूसाची खूण केली. पुढच्या गावातल्या चर्चचा घुमट दिसण्याआधीच शाल उडाली. आत भाजलेल्या लाल मिरचीच्या रंगाच्या सासूबाई होत्या.

"लोकर भेसळीची आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या बाईचा रुमाल पुन्हा पुढे आला. देसांकाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"त्याचं नाक दिसलं पाहिजे. एवढंही कळत नाही का गं तुला?"

"आणि प्रोमाया?" मागच्या बाईने विचारलं.

"ती मागून येते. तोंडाचा काय संबंध?"

हा शोध बसला पटला. ड्रायव्हरची खिडकी बोटभर उघडी होती. देसांकाबाई पुढे गेल्या आणि शाल त्याच्या मानेभोवती गुंडाळून आल्या. तो बिचारा घामाने निथळत होता, तरी म्हणाला, "बरं केलंत मावशी, सकाळपासून मान धरलीच होती."

रास्तको पिऊन झोपला. दुन्याने त्याला वर, पापी घेता येईल इतकं उचललं आणि पट्टा आवळला. सासूबाईंनी वाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं.

"चालू आहे," त्या म्हणाल्या, आणि उतरेपर्यंत बोट तिथेच ठेवलं.