मावशीची तक्रार

तिला सगळे मावशीच म्हणायचे. इस्पितळात आयाचं काम करणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय! जन्म गेला वॉर्डातल्या चादरी बदलण्यात आणि फरशा पुसण्यात. निवृत्त झाली तेव्हा निरोपाचं भाषण करायला उठलेल्या मोठ्या डॉक्टरांना तिचं खरं नाव काही केल्या आठवेना. नवरा एका कचेरीत लिफ्टमन होता. जगाला वर नेऊन सोडायचा आणि रिकाम्या हाताने खाली यायचा. अशा या जोडीला लेक-जावयाने आठवडाभरासाठी समुद्रकाठच्या रिसॉर्टवर धाडून दिलं. राहणं, खाणं, पिणं, पोहणं, सगळं त्यातच आलं. मनगटाला निळी पट्टी बांधली की झालं, मग कुणी काही विचारायचं नाही.

"आणि हे बघ आई," लेकीने निघताना बजावलं होतं, "तिथे कशाला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

आता नुसतं बसायचं कसं, हे मावशीला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं. नवऱ्याला मात्र ती विद्या उपजतच येत होती. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तो खुर्चीवर पसरून समुद्राकडे बघायचा आणि जेवणाची वेळ झाली की बुफेभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घालायचा. "अगं, घे की! सगळं त्यात आलंय!" हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं, की शेवटी ती म्हणाली, "अहो, पोटसुद्धा त्यात आलंय का? ते आपलंच आहे ना?"

पहिल्या सकाळी तो नाश्त्याला गेला आणि मावशीने पलंगाकडे पाहिलं. चादर चुरगळलेली, उशा आडव्यातिडव्या, न्हाणीघरात ओले टॉवेल. आपण हे असं टाकून फिरायला जायचं आणि दुसऱ्या बाईने येऊन आपली उशी झटकायची, या विचारानेच ती कानकोंडी झाली. वाकून वाकून कंबरेत कुठे कळ येते, ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिने चादर ओढून कोपरे पक्के दुमडले, टॉवेल न्हाणीघरातच धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातले, फरशी पुसली आणि मगच केस विंचरले.

थोड्या वेळाने खोल्या आवरणारी बाई ढकलगाडी घेऊन दारात आली आणि उभीच राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी. त्यात काय! तू ये, बस जरा. पाणी घे."

"अहो मॅडम, असं नाही चालत."

"मॅडम कुणाला म्हणतेस? मावशी म्हण. मी पण तुझ्याच जातीची, झाडूवाली. बस म्हणते ना!"

ती नको नको म्हणत खुर्चीच्या कडेवर टेकली. तिशीची, किडकिडीत, डोळे सारखे दाराकडे. पण बसल्यावर तिने पाय सैल सोडले तेव्हा मावशीला जे समाधान झालं, ते त्या अख्ख्या समुद्राने दिलं नव्हतं. पुढे हा रोजचाच शिरस्ता झाला. मावशीने खोली करायची, बाईने घटकाभर बसायचं, दोघींनी घरच्या गोष्टी बोलायच्या. बाईला एक मुलगी होती, शाळेत जाणारी. नवरा सोडून गेलेला. हंगाम संपेपर्यंत हे काम टिकवायचं, नाहीतर मुलीला आईपाशी ठेवून लांब शहरात जावं लागेल, आणि तेवढं तिला करायचं नव्हतं. मग ती उठायची आणि राहिलेल्या खोल्यांमागे अशी पळायची, की मावशीच्या नवऱ्याने तिचं नावच भिंगरी ठेवलं.

आता या आनंदात एक गोष्ट मावशीच्या ध्यानातच आली नाही. इस्पितळात चादरी मोजून खाली जायच्या, तशाच इथेही जात असणार, एवढं तिला सुचायला हवं होतं. प्रत्येक खोलीतून रोज वापरलेल्या चादरींचं आणि टॉवेलांचं बोचकं खाली धुलाईघरात जायचं. या एका खोलीतून काही येईचना. धुलाईवाल्याने सुपरवायझरबाईच्या कानावर घातलं, आणि एक दिवस सुपरवायझरबाई दारात हजर. कडक इस्त्रीची, तोंडावर हसू. तिच्या मागे भिंगरी.

"मॅडम, एक विचारायचं होतं. आपली खोली रोज होते ना? ही रोज येते ना?"

मागून भिंगरीने मान हलवली. एकदा उभी, मग घाईघाईने आडवी. डोळे मोठे केले. मावशीला वाटलं, बिचारी लाजते आहे. कौतुक झालेलं सोसत नाही काही जणींना.

"येते तर! फार गुणाची पोर आहे हो. पण तिला कामच उरत नाही. मीच सगळं करून ठेवते. चादर, टॉवेल, सगळं. ती आपली बसते माझ्याशी गप्पा मारत."

सुपरवायझरबाईचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "असं होय," ती म्हणाली, "थँक यू मॅडम." दार बंद झालं. मावशी खुशीत नवऱ्याला म्हणाली, "बघा, पोरीचं नाव झालं."

दुसऱ्या दिवशी ढकलगाडी घेऊन वेगळीच बाई आली. भिंगरी कुठे म्हणून विचारलं, तर तिने उशीचा अभ्रा असा खेचला, की शिवण उसवायचीच बाकी राहिली.

"घरी पाठवली. पाहुण्यांकडून काम करून घेत होती म्हणे, आणि स्वतः खुर्चीत बसत होती. खोली केली नाही असं निघालं असतं, तर बोलणी खाऊन सुटली असती. पण पाहुण्याला कामाला लावलं म्हटल्यावर संपलंच. आता बोलावू म्हणालेत. ते बोलावू म्हणतात तेव्हा बोलावत नाहीत."

भिंगरीच्या त्या मानेचा, त्या डोळ्यांचा अर्थ मावशीला आत्ता लागला. ती सांगत होती, बोलू नका. आणि आपण जिभेला हाड नसल्यासारखं बडबडलो! नवरा म्हणाला, "जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस?" त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने हातातलं केळं खाली ठेवलं.

नव्या बाईकडून पत्ता घेऊन ती निघाली. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "मॅडम, गाडी मागवू? बाजारात नेते, दीपगृह दाखवते, परत आणून सोडते."

"मला दीपगृह नको. पाण्याच्या टाकीमागे जायचंय."

पाण्याची टाकी रिसॉर्टच्या गाडीच्या यादीत नव्हती. तिथे जायचं तर मागच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या आडोशाला उभं राहायचं आणि भरल्याशिवाय न सुटणाऱ्या वडापच्या जीपची वाट बघायची. मावशी तिथे कामगारांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. एरवी अशा घोळक्यात ती मिसळून गेली असती, बोलता बोलता चार जणींच्या दुखण्यांची चौकशीही झाली असती. पण तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं आणि सगळ्यांचं बोलणं बंद पडलं. गाडी आली तेव्हा एका माळ्याने पुढची जागा हाताने पुसून दिली.

"मी मागे बसते ना," ती म्हणाली.

"नाही नाही मॅडम, तुम्ही पुढेच."

तिने बाही ओढून पट्टी झाकायचा प्रयत्न केला. पट्टी काही झाकली जाईना. गाडी रिसॉर्टची लांबलचक पांढरी भिंत संपवून आत वळली, तशी खड्डे सुरू झाले. सायकल दुरुस्तीचं दुकान, शाळा, दोरीवर वाळणारे कपडे, नळावरची रांग. इतके दिवस ती जिथे राहत होती तिथून इतकं जवळ होतं हे सगळं, आणि खिडकीतून यातलं काहीच दिसत नव्हतं. ड्रायव्हरने टाकीपाशी गाडी थांबवून बोटाने भिंगरीच्या घराचं दार दाखवलं.

भिंगरी ओट्यावर भांडी घासत होती. तिने वर पाहिलं. हसली नाही. हात पुसून खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि स्वतः उभी राहिली.

"मला माफ कर गं पोरी. तुझं चांगलं व्हावं म्हणून बोलले मी."

"माहीत आहे." मग ती एकदम उसळली. "पण मावशी, तुम्हाला करायला सांगितलं होतं कुणी? मी पहिल्या दिवशी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी नको म्हटलं. तुम्ही ऐकलंत? मला बसवलंत, तुम्हाला बरं वाटलं. तुमचा आठवडा संपला की तुम्ही घरी. मी काय करू?"

आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने धडा वाचत होती, ती थांबली. भिंगरीने आवाज खाली आणला.

"बसायला मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू! त्यातच घात झाला."

मावशी खुर्चीवरून उठली. "मी परत जाऊन सांगते त्यांना. तुझी काही चूक नाही म्हणून."

"अजून सांगायचं राहिलंय का? नका सांगू काही. चांगलं बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघून ते गोड हसतात आणि विसरतात. तिथे ऐकतात फक्त ओरडणाऱ्याचं." ती पुन्हा भांड्यांकडे वळली. "जा मावशी. पुढची गाडी चुकेल."

परतीच्या गाडीत मावशी पुढच्या जागेवर मुकाट्याने बसली. या वेळी तिने बाही ओढली नाही.

रिसॉर्टच्या दिवाणखान्यात दुपारच्या चहाची गर्दी होती. मावशी कधी कुणावर ओरडली नव्हती. पण ओरडतात कसं, ते तिला पाठ होतं. इस्पितळातल्या खासगी खोल्यांतल्या नातेवाइकांनी तिला त्याचे धडे फुकट दिले होते. त्यांच्यातली एक बाई तर अशी होती, की तिचा आवाज अजून मावशीच्या स्वप्नात यायचा. तोच आवाज तिने काढला.

"कोण आहे इथे? सुपरवायझर कुठे आहे तुमची?"

कप वाजायचे थांबले. सुपरवायझरबाई लगबगीने आली. "मॅडम, काय झालं?"

"माझी बाई का बदलली? मला विचारलंत?"

"पण मॅडम, आपणच म्हणालात, की खोली आपण..."

"मी?" मावशीने हात कमरेवर ठेवले. "मी गंमत केली! दारात येऊन चौकशा करता, पाहुण्यांना जाब विचारता, मग गंमत नको करू? मला तुमच्या चादरी खुपतात, तुमचे टॉवेल नकोत, म्हणून मीच तिला सांगितलं होतं, हात लावायचा नाही. ती बिचारी निमूट ऐकायची. आणि तुम्ही धरून चाललात, मी फरशी पुसते? मी?" आता पुढचं वाक्य बोलायचं होतं. भोवती वाढपी उभे होते, माळी होता, कोपऱ्यात पोछा घेतलेली ती नवी बाई होती. मावशीने डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "मला काय मोलकरीण समजलात?"

नवरा हातात सरबताचा पेला घेऊन बघत राहिला. अख्ख्या संसारात त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

"सॉरी मॅडम. चुकलंच आमचं," सुपरवायझरबाई दोन्ही हात जोडून म्हणाली. "उद्या सकाळी तीच येईल."

खोलीत आल्यावर मावशी तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नवऱ्याने दारावर टकटक केली. "अगं, काम झालं ना तुझं? मग रडतेस कशाला?"

"रडू नको तर काय करू? त्या नव्या बाईचं तोंड पाहिलंत का, मी मोलकरीण म्हणाले तेव्हा?"

सकाळी तिने अंथरुणाला हात लावला नाही. चादर लोळत होती, टॉवेल फरशीवर पडले होते, आणि ती त्याकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. बोटं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवली होती, नाहीतर ती आपोआप कामाला लागली असती. ढकलगाडीचा आवाज आला. भिंगरी आत आली, आणि तिच्या मागोमाग सुपरवायझरबाई. जातीने देखरेख करायला.

"गुड मॉर्निंग मॅडम," भिंगरी म्हणाली.

मावशीने नुसती मान हलवली. भिंगरीने चादर काढली, नवी झटकली, कोपरे ओढले. एक कोपरा जरा सैल राहिला. सुपरवायझरबाई मावशीच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"तो कोपरा नीट कर," मावशी म्हणाली.

"हो मॅडम."

टॉवेलांचं बोचकं बांधून झालं, तशी सुपरवायझरबाई समाधानाने पुढच्या खोलीकडे गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. भिंगरीने बादली आणली, फडकं पिळलं आणि पुसत पुसत खुर्चीपर्यंत आली. तिथे ती थांबली.

"मावशी, पाय वर घ्या."

वॉर्डात रोज सकाळी, खाटेखाटेपाशी बसलेल्या लोकांना मावशीने हेच म्हटलं होतं. कुणी घ्यायचं, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. तिला स्वतःला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीची कड घट्ट धरून बसली. भिंगरी खालून फडकं फिरवत होती, सावकाश, पार मागच्या भिंतीपर्यंत, आणि मावशीने तिला ते करू दिलं.