अव्वाच्या पोटात शिरलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, जरा लांब बसा. मी आजवर जितक्या माना छाटल्या, तितक्या कुठल्या लढाईतही पडल्या नसतील. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, धड तिसरीकडे. आणि हे सगळं सोलापुरात, तुळजापूर वेशीजवळच्या एका खोलीत, भर दिवसा! दारावरून जाणारा पोलीस आत डोकावायचा आणि म्हणायचा, "काकी, आमच्या पोरीला पण एक बाहुली करा की."

माझा जन्म अक्कलकोटच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून त्याने मला घडवले. ती गाडी इतकी पळायची, की सांगोल्याला पोचल्यावर मागून येणाऱ्या बैलांची वाट बघत उभी राहायची. लोहाराने मला घणाखाली असे बडवले, की माझी किंकाळी माढ्यापर्यंत गेली. पहिल्याच दिवशी मी एका चिंचेची अर्धी सावली कापून टाकली. तिथे अजून ऊन पडते.

पुढे मी चंद्रव्वाच्या हाती आले. ही बाई कापडाच्या बाहुल्या करते. कलाकार आहे, पण कामात दयामाया नाही. इरकल साडी आडवी पाडायची, मी ती उभी चिरायची. मग पोट उघडे ठेवून आत चिंध्या कोंबायच्या, दांडक्याने ठासायच्या, वरून टाके घालायचे. डोळ्यांत सुई सगळ्यात शेवटी. कापूस ती भरत नाही. ज्या घरची बाहुली, त्याच घरचे जुने कपडे तिच्या पोटात. लोक बाहुल्यांची तोंड भरून स्तुती करत. माझे नाव कुणी घेतले नाही. उलट चंद्रव्वाच्या सुनेने मला वापरून दुधाच्या पिशव्या कापल्या, तारा कापल्या, एकदा तर मांजराची नखे कापली. तो अपमान मी गिळला. मांजराने नाही गिळला. सुनेच्या मनगटावर खूण आहे.

गेल्या संक्रांतीच्या आधी दोन भाऊ आले. थोरला गुरुशांत, धाकटा मंजुनाथ. त्यांची आई, त्यांची अव्वा, वारली होती. तिच्या इरकलीची आणि ट्रंकेतल्या कपड्यांची त्यांनी आधीच आणून दिलेली गाठोडी चंद्रव्वाने वापरली होती, आणि बाहुली तयार होती. कपाळाला विभूती, मान थोडी डावीकडे कललेली. मग मंजुनाथने मला उचलले आणि उगाच रिकामी वाजवू लागला. कच, कच, कच.

"ठेव रे खाली," चंद्रव्वा ओरडली. "रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण लागतं."

"हे घर माझं कुटं हाय, काकी?"

मित्रांनो, भांडण मी लावते हे खोटे आहे. लोक ते घरूनच बांधून आणतात.

"अव्वा माझ्याकडं येणार," गुरुशांत म्हणाला. "मी थोरला हाय."

"थोरला? अंथरुणात पडली तवा तिचं हागणं-मुतणं कुणी काढलं? तवा कुटं होता थोरला?"

"तुझ्या बायकोनं तिला उपाशी झोपवली, ते सांगू का सगळ्यांना?"

मंजुनाथने डोके खाली घालून थोरल्याच्या छातीवर धडक दिली. बाहुल्या मांडलेली फळी कोसळली. बाहुल्या पायांखाली आल्या, कुणाची मान तुटली, कुणाचे पोट फुटले. गुरुशांतने धाकट्याला भिंतीशी दाबून त्याचा गळा आवळला. मंजुनाथचे डोळे पांढरे झाले. मी अजून त्याच्या मुठीत होते. मूठ मागे गेली आणि माझे टोक थोरल्याच्या बरगडीकडे सुटले. ह्यात थाप नाही. लोखंडाला मागे वळता येत नाही.

चंद्रव्वाने हाताला लागली ती बाहुली मध्ये घातली. मी अव्वाच्या पोटातून शिरले, पाठीतून निघाले आणि चंद्रव्वाच्या तळहातात रुतले. इरकलीवर रक्ताची धार लागली.

मंजुनाथने घाबरून मला उपसले. पोट टर्रकन फाटले आणि आतून दोन तान्ह्या पोरांची झबली बाहेर आली, बाहीला बाही बांधलेली. अव्वानेच ती तशी गाठ मारून ट्रंकेत ठेवली होती. चंद्रव्वाने गाठ न सोडता आत भरली होती.

गुरुशांतचे हात गळ्यावरून सुटले. मंजुनाथ खोकत खोकत म्हणाला, "अण्णा, ह्यातलं माझं कंचं?"

गुरुशांतने झबली उलटीपालटी केली. "म्हाईत न्हाय रे, तम्मा."

"रडायचं मागनं," चंद्रव्वा म्हणाली. पदर तिने हाताला गुंडाळला होता, तोही लाल झाला होता. "एकानं पोट दाबून धरा, एकानं सुई ओवा. आदी तुमच्या आईचं शिवू, मग माझ्या हाताचं बघू."

दोघांनी वेडेवाकडे टाके घातले. पण बाहुली तिने दिली नाही. "न्यायची आसंल तर दोघं मिळून या," म्हणाली. गुरुशांत सोमवारी येतो, मंजुनाथ गुरुवारी. बाहुलीसमोर बसतो आणि जातो. दोघे मिळून अजून आले नाहीत. चंद्रव्वाच्या त्या जखमी डाव्या हाताचे एक बोट आता मिटत नाही. माना छाटायला मला तिचा उजवा हात पुरतो, पण कापड धरायला डावा चुकतो.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. मला तेल घाला, धार लावा, दुधाच्या पिशव्या दातांनी फोडा. आणि मला दुसऱ्याच्या हाती देताना पाती आपल्या मुठीत धरा, मूठ त्याच्याकडे करा. हात निसटलाच, तर रक्त देणाऱ्याचे निघू दे.