कोटाला लावतात तसं अस्तर

मी एक पॅड बोलतोय. लघवी टिपून घेणारा. सुईच्या टोकाची शपथ, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. एक वाक्य सोडून. ते कुठलं, ते शेवटी सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा एका घोटात तळं पिण्याची माझी ताकद होती. बरं, तळं नाही, अर्धा पेला. पण ऐट तळ्याची होती.

मला विकत घेतलं एका टेलरमास्तरांनी. औषधाच्या दुकानात ते कोपऱ्यात उभे राहिले, गिऱ्हाईक पांगल्यावर पुढे आले आणि बोट दाखवून पुटपुटले, "ते... पांढरं."

"कुणासाठी?"

"शेजारच्या म्हाताऱ्यासाठी."

"थेंबथेंब जाते की जास्त?"

"मला काय ठाऊक? मी काय त्याच्या मागे फिरतो?"

दुकानदाराने सगळ्यात पातळ पाकीट दिलं. त्यात मी. म्हणजे पिशवीत पडायच्या आधीच मालकाने मला झिडकारलेलं!

प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून मास्तरांचा लघवीवरचा ताबा सुटला होता. खोकला, शिंक, खाली वाकणं, कशानेही. आणि पँटची उंची घ्यायची तर गुडघ्यावर बसावंच लागतं. पॅड पातळ वाटला म्हणून त्यांनी शिंप्याचं डोकं चालवलं. एकाखाली एक, दोन लावले. वरचा माझा भाऊ, खाली अस्तर म्हणून मी.

त्या दिवशी बँडवाला आला. पोट ढोलाएवढं. मास्तर त्याच्या पायाशी बसले, खडूने खूण केली आणि शिंकले. धबधबा! मी सज्ज होतो, पण माझ्यापर्यंत टिपूसही पोचला नाही. सगळं बाजूने फरशीवर.

"मास्तर, पाणी सांडलं का?"

"हं... इस्त्रीचं."

बँडवाला गेल्यावर मास्तरांनी शटर ओढलं. मागच्या खोलीत येऊन बायकोला म्हणाले, "संपलं. उद्यापासून दुकान बंद. माप घेणं माझ्याच्यानं होणार नाही." आणि मला फरशीवर आपटलं. "दगाबाज!"

मी? दगाबाज?

काकूंनी मला उचलून चाचपलं. "अहो, हा तर कोरडा ठणठणीत आहे!" मग माझा एक कोरा भाऊ घेऊन त्याच्या पाठीवर त्यांनी वाटीभर पाणी ओतलं. ते घरंगळून खाली गेलं. "पाठीला प्लास्टिक आहे याच्या. वरचा भरल्यावर खालच्याला मिळणार कसं? बाजूनेच जाणार ना!"

"मला वाटलं, अस्तर लावलं की..."

"अस्तर कोटाला लावा!"

काकू तशाच औषधाच्या दुकानात गेल्या आणि चार माणसांदेखत ठणकावून म्हणाल्या, "नवऱ्यासाठी हवेत. ऑपरेशन झालंय. शिंकले की पेलाभर जाते." दुकानदाराने पुरुषांचे, पुढून रुंद, जाडजूड पॅड काढून दिले. "एका वेळी एकच," म्हणाला, "आणि ओला झाला की बदला."

दुसऱ्या दिवशी बँडवाल्याच्या पँटची उंची पुन्हा घेतली. मास्तर दोनदा शिंकले. फरशी कोरडी. दुकान उघडं राहिलं.

तेव्हा मास्तरांनी मला हातात घेतलं, अंगठ्याने माझी सुरकुती सरळ केली आणि म्हणाले, "चुकलो रे."

आता मी शिलाई मशीनखाली आहे. वरून तेल ठिबकतं, ते टिपतो. आठवड्याला दोन थेंब. तळं पिणारा मी! वर मास्तर त्या जाड्या पॅडच्या जोरावर गाणं गुणगुणतात.

एवढंच मागतो. दुकानात जाल तेव्हा सांगा, माझ्यासाठी हवाय, इतकी जाते. शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव घेऊ नका. तुमच्या लाजेपायी शिव्या आम्हाला बसतात.

आणि हो, ते खोटं वाक्य. "चुकलो रे" असं मास्तर म्हणालेच नाहीत. हातातही घेतलं नाही. पायाने सरकवलं मला मशीनखाली. बाकी सगळं खरं आहे.