सात बिननावाची घरं

“काका, त्या सात चौकटी पुसा. नदीकाठची.” ऑफिसच्या मालकानं, राजवर्धननं मागून स्क्रीनवरच्या नकाशावर बोट टेकवलं.

नागसेननं आधी त्या बोटाचा ठसा पुसला.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या ऑफिसात कॅनडातल्या सेंट ऑड्रन पॅरिशचा इतिहास-भूगोल तयार होत होता. पॅरिश म्हणजे चर्चच्या नावानं ओळखलं जाणारं गाव. लोकसंख्या चारशे बारा. आपल्याकडं एवढी माणसं एका बारशाला जेवतात. इतिहास काय, तर अकरा कुटुंबं बोटीतून उतरली, त्यांनी दोन चर्चं बांधली आणि एकमेकांशी बोलणं टाकलं. देव एक, विहिरी दोन. भूगोल म्हणजे एक नदी, एक लाकूडगिरणी आणि उरलेलं बर्फ. या वैभवाला दोनशे वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार होतं. त्यासाठी जुना नकाशा संगणकावर गिरवायचं काम भूमापनातून निवृत्त झालेल्या नागसेनकडं होतं. ऑफिसात नकाशा कळणारा तो एकटाच, म्हणून मोडकी खुर्चीही त्यालाच.

“पुसू कशाला? घरं हायत ती.”

“नाव न्हाय, नंबर न्हाय. कशावरनं घरं?”

“गिरणीच्या खाली, थडग्यांच्या पलीकडं, पाण्याच्या खालच्या अंगाला. एकतीस वर्षं नकाशे वाचलोय मी. गावाला ज्यांचे हात लागत्यात पण नावं नको असत्यात, त्यांची वस्ती हितंच असती. तिथल्या मूळच्या लोकांची असंल.”

“तुम्ही आपलं कोल्हापूर तिकडं घुसडू नका हो. गिऱ्हाईक म्हणतंय, मालकाचं नाव असंल तेवढंच ठेवा.”

असंच सांगणारा एक साहेब नागसेनला नोकरीत असताना आजऱ्याकडं भेटला होता. त्याच्या शब्दावर यानं ओढ्याकाठची नऊ खोपटं नकाशातून गाळली. पुढं तिथून रस्ता गेला, तेव्हा त्या घरांना भरपाई सोडाच, साधी नोटीसही आली नाही. त्यातलं एक बनाबाईचं, त्याच्या सख्ख्या आत्याचं. तरी ती मरेपर्यंत त्याला जेवू घालत राहिली.

“मी पुसणार न्हाय.”

“मग उद्यापासनं घरी बसा की.” राजवर्धननं माउस ओढून घेतला. सात टिचक्या. नदीकाठ स्वच्छ झाला, पॅरिश एकदम खानदानी दिसू लागली. “आता तपासणाऱ्याचं नाव टाका. तेवढं तरी करा.”

नागसेननं दोन्ही हात मांडीवर ठेवले. वाट बघून राजवर्धननं स्वतःचंच नाव टाकलं. जन्मात त्यानं जमिनीला मोजणीची साखळी लावली नव्हती.

नागसेन डबा घेऊन जिना उतरला. तीन वाजले होते. इतक्या उन्हात घरी जायची त्याला सवय नव्हती. तो थोडा वेळ शेवटच्या पायरीवरच उभा राहिला.